लोलोंचे वडील खिंडीत होते

पिस्कॅटवेच्या त्या घरात आम्ही सात वर्षं राहिलो, पण आज डोळे मिटले की आधी आमचं घर दिसत नाही, शेजारचं दिसतं. कारण साधं आहे. शाळेची पिवळी बस मला तीनला कोपऱ्यावर सोडायची. आई एका औषधांच्या लॅबमध्ये होती, ती साडेपाचला यायची आणि बाबा सहाच्या पुढे. मधले अडीच तास मी नेनामावशीच्या घरी असायचे. नेनामावशी फिलिपिन्सची, इथल्या हॉस्पिटलात नर्स. तिचं नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बाबा म्हणाले होते, "नेने? पुण्याच्या की कोकणातल्या?" आणि स्वतःच्याच विनोदावर बराच वेळ हसले होते. आईने मात्र पहिल्याच आठवड्यात मला बजावलं, "तिला नुसतं नेना म्हणायचं नाही, मावशी म्हण." नेनामावशीला त्या शब्दाचा अर्थ कळल्यावर तिने आईला जी मिठी मारली ती मला अजून आठवते, कारण आईला मिठ्यांची सवय नव्हती आणि ती हात खाली सोडून खांबासारखी उभी राहिली होती.

पण नेनामावशीही बरेचदा ड्यूटीवर असायची. त्यामुळे खरं म्हणजे मी लोलोंकडे असायचे. लोलो म्हणजे तिकडच्या भाषेत आजोबा. नेनामावशीचे हे वडील तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेले, ठेंगणे, कातडी उन्हात वाळवलेल्या आमसुलासारखी, आणि घरात कायम दोन स्वेटर. लुझोन बेटाच्या उत्तरेला, डोंगरातल्या एका खेड्यात त्यांचा जन्म गेला होता. मुलीने इकडे बोलावून घेतलं, पण न्यू जर्सीतल्या मे महिन्यालाही ते थंडीच म्हणायचे. मागच्या अंगणात त्यांनी कारल्याचा वेल लावला होता. त्या काळी एडिसनला आपली दोन-तीनच दुकानं होती आणि तिथे कारलं मिळालंच तर सुतळीसारखं सुकलेलं. कुंपणापलीकडे लटकणारी हिरवीगार कारली पाहून आईने भीड सोडली आणि सरळ मागितली. त्या दिवसापासून दोन्ही घरांमध्ये वाटी कधी रिकामी परत गेली नाही. त्यांच्याकडून मुगाची पातळ आमटी यायची, चिंचेचं आंबट सार यायचं. आईची एकच अट, "मासळी नको हं घालूस." सार चाखून ती थक्क झाली होती, "अगं, हे तर आपलंच आहे!" लोलो भात हाताने खायचे, बोटांच्या टोकांनी, तळव्याला शीत न लागू देता. ते पाहिलं आणि मला त्या घरात परकं वाटायचं बंद झालं. शाळेच्या कॅन्टीनमध्ये मी सँडविचसुद्धा काट्याने खाता येईल का याचा विचार करत असायचे.

त्यांच्या घराचे आवाज वेगळे होते. राइस कुकरचा एकच 'टक', लोलोंच्या सपातांची फरफर, आणि टीव्हीवर आवाज बंद करून लावलेलं बॉक्सिंग. आमच्याकडे आई आली की प्रेशर कुकर सुरू व्हायचा. दोन्ही घरांच्या मधली भिंत एकच होती; लोलो तिच्याकडे कान करून शिट्ट्या मोजायचे. "तीन. आज डाळ," ते म्हणायचे. पाच झाल्या की, "राजमा. तुझे बाबा खूश होणार." हे सगळं बोलणं इंग्रजीत व्हायचं, त्यांच्या मोडक्या आणि माझ्या नव्या इंग्रजीत. मी दहा वर्षांची असताना इकडे आले होते, आणि ही गोष्ट घडली तेव्हा तेराची होते. गंमत अशी की आज साठीच्या उंबरठ्यावर बसून मी ते आठवते तेव्हा लोलो माझ्याशी मराठीतच बोलतात. मी त्यांना थांबवत नाही.

आठवीत आम्हाला इतिहासाला मिसेस हार्मन होत्या. त्यांनी त्या वसंतात सगळ्या वर्गाला एक काम दिलं. अमेरिकेने जी युद्धं केली त्यातल्या एखाद्यात आपल्या घरातलं किंवा ओळखीचं कोणी होतं का ते शोधायचं, त्यांच्याशी बोलायचं, लिहून आणायचं आणि मे महिन्यात पालकांसमोर वाचायचं. वर्गातल्या मुलांना काहीच अडचण नव्हती. कुणाचे आजोबा फ्रान्समध्ये उतरले होते, कुणाचा काका व्हिएतनामहून परतून तळघरात राहत होता. मी घरी येऊन बाबांना विचारलं.

"आपल्याकडे लढायांना काय तोटा?" बाबा खुर्चीत सरसावून बसले. "लिहून घे."

"बाबा, इट हॅज टु बी अमेरिकन."

"असं होय," म्हणून त्यांनी पुन्हा पेपर उचलला.

नेनामावशी तेव्हा आमच्याच स्वयंपाकघरात होती, आईकडून पोळ्या लाटायला शिकत. तिने लाटणं खाली ठेवलं. "माझे आजोबा लढले होते," ती म्हणाली. "अमेरिकनांशी."

माझा पहिला गोंधळ इथे सुरू झाला. अमेरिकनांशी? आमच्या पुस्तकात एक अर्धी ओळ होती, की अमेरिकेने फिलिपिन्सला स्पेनच्या हातून सोडवलं. सोडवलेली माणसं सोडवणाऱ्याशी का लढतील? नेनामावशीने सांगितलं ते असं. स्पेन गेलं, तिच्या लोकांनी स्वतःचं राज्य जाहीर केलं, पण अमेरिकन परत गेलेच नाहीत. लढाई जुंपली. तिकडचा मुख्य पुढारी डोंगरात मागे हटत होता आणि अमेरिकन फौज त्याच्या मागावर होती. त्याला निसटायला वेळ मिळावा म्हणून पन्नासेक माणसं एका अरुंद खिंडीत दगड रचून बसली आणि त्यांनी दुपारपर्यंत शेकडो शिपाई अडवून धरले. मग खालच्या गावातल्या कुणीतरी अमेरिकनांना मागची पायवाट दाखवली. वरून गोळ्या आल्या. जवळजवळ सगळे मेले. "माझे आजोबा त्या खिंडीत होते आणि वाचले," नेनामावशी म्हणाली. "आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. आणि वाट दाखवणाऱ्याचं नावसुद्धा कुणी तोंडावर आणत नाही."

बाबांच्या हातातला पेपर केव्हाच खाली गेला होता. "अगं, ही तर आपली पावनखिंड!" ते ओरडलेच. आईने त्यांच्याकडे पाहिलं आणि कणीक पुन्हा मळायला घेतली, कारण आता जेवण लांबणार हे तिला कळलं. बाबांनी टेबलावर डाळीची दोन पातेली ठेवून डोंगर केले, मधून खिंड काढली, मिठाच्या बरणीला विशाळगड केलं आणि नेनामावशीला सगळी पावनखिंड इंग्रजीतून सांगितली. तोफा ऐकू येईपर्यंत खिंड सोडायची नाही, इथे आल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. नेनामावशीच्याही डोळ्यांत पाणी. मी पाहत राहिले. माझ्या बाबांना कुणासमोर रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि आता ते एका फिलिपिनो बाईबरोबर, मिठाच्या बरणीकडे बघत रडत होते.

दुसऱ्या दिवशी मी मिसेस हार्मनना विचारलं. त्या चांगल्या बाई होत्या. थोडा विचार करून म्हणाल्या, "ते युद्ध नव्हतं म्हणायचं. बंड होतं. पण चालेल, लिही." हे मी घरी सांगितलं आणि बाबा भडकले. "बंड? सत्तावनलाही ते बंडच म्हणत होते!" त्या रागातच त्यांनी ठरवलं की हा विषय नुसता शाळेपुरता ठेवायचा नाही. आमच्या मराठी मंडळाचा कार्यक्रम त्या महिन्यात होता, एका चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये, जिथे पडदा म्हणून कुणाच्या तरी घरची चादर लावलेली असायची. तिथे मी 'दोन खिंडी' या विषयावर मराठीत बोलायचं असं ठरलं. भाषण अर्थातच बाबांनी लिहिलं. लोलोंना पाहुणे म्हणून पहिल्या रांगेत बसवलं, दोन स्वेटरांवर कोट घालून. मी भाषण घडाघडा म्हटलं. "आणि तेवढ्यात एका फितुराने घात केला!" या वाक्याला बाबांनी शिकवलं होतं तसं बोट उगारलं. टाळ्या पडल्या. लोलोंनीही वाजवल्या. मग त्यांनी दोन बटाटेवडे खाल्ले आणि एका काकूंनी त्यांच्या पाया पडायला आपल्या मुलांना पुढे केलं. ते हातातली कागदाची बशी सावरत, गोंधळून, एकेका मुलाच्या डोक्यावर हात ठेवत राहिले.

सोमवारी मी बसमधून उतरून नेहमीसारखी त्यांच्याकडे गेले. ते कारल्याच्या वेलाला नवीन दोऱ्या बांधत होते.

"तू बोट वर केलंस तेव्हा एक शब्द म्हणालीस," ते म्हणाले. "तुझ्या बाबांचे ओठही हलले. कुठला शब्द?"

"फितूर."

"म्हणजे?"

"ट्रेटर," मी म्हटलं.

त्यांनी गाठ मारून पूर्ण केली. मग पायरीवर बसले आणि मला बसायला सांगितलं. "तो माझा बाप," ते म्हणाले. "वाट दाखवणारा."

मला वाटलं मला इंग्रजी नीट समजलं नाही. "पण नेनामावशी म्हणाली ते खिंडीत होते."

"होतेच की. अमेरिकनांच्या पुढे चालत होते."

मग ते तुटक तुटक बोलत राहिले आणि मी ऐकत राहिले. त्यांचा जन्म लढाईनंतर काही वर्षांनी झालेला, म्हणजे पाहिलेलं काहीच नाही, सगळं बापाकडून आलेलं. लोलो लहान असताना बापाने त्यांना सांगितलं होतं की शिपायांनी माझे हात दोरीने बांधले, बंदूक लावली, मी काय करणार. लोलोंचं लग्न झालं त्या दिवशी बाप प्यायला आणि म्हणाला, कुणी बांधलं नव्हतं. अमेरिकनांनी विचारलं आणि मी सांगितलं. का सांगू नको? त्या खिंडीत बसलेल्यांनीच आठवडाभर आधी गावातलं भात नेलं होतं, आमची म्हैस नेली होती आणि माझा भाऊ आडवा आला म्हणून त्याला इतकं मारलं की तो पुन्हा सरळ चालला नाही. ते मैदानातले लोक, आम्हा डोंगरातल्यांना माणसांत धरत नव्हते. मला वाटलं, एकाने दुसऱ्याला मारावं आणि दोघांनी आमच्या गावातून जावं. आणि मग मरताना, बरीच वर्षं गेल्यावर, त्याने लोलोंचा हात धरून विचारलं, "वर किती जण होते रे?" त्याला ठाऊकच नव्हतं. वाट संपते तिथवर नेऊन तो परत वळला होता. त्याने फक्त आवाज ऐकला होता.

"तुम्ही काय सांगितलं?" मी विचारलं.

"थोडेच होते म्हटलं. बरेचसे आधीच पळाले होते म्हटलं."

"ते खरं होतं?"

"नाही."

मला खूप प्रश्न होते, पण त्यातला कुठला विचारायचा असतो हे कळत नव्हतं. शेवटी मी विचारलं, "मी शाळेत काय लिहू?"

"शाळेने खरं विचारलंय ना? मग हे लिही."

"नेनामावशीला माहीत आहे?"

"तिने कधी विचारलं नाही," ते म्हणाले आणि दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

ती परवानगी होती की नव्हती? मी हा प्रश्न पुढे कित्येकदा स्वतःला विचारला आहे. एवढंच सांगू शकते की तेरा वर्षांच्या मुलीला मोठ्या माणसाने 'लिही' म्हटलं की ती लिहिते. बाबांनी शाळेसाठी इंग्रजीत टाइप करून दिलेलं भाषण मी दप्तरात तसंच ठेवलं आणि वहीत दुसरंच लिहिलं. पण लिहिताना मी म्हैस गाळली, भाऊ गाळला, कारण ते इंग्रजीत कसं मांडायचं ते जमेना. दोरीही गाळली, कारण ती खरी होती की खोटी हे मला माहीत नव्हतं. उरलं ते एवढंच, की माझ्या शेजारच्या आजोबांच्या वडिलांनी अमेरिकन सैन्याला वाट दाखवली. मिसेस हार्मननी ते वाचून माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे विलक्षण आहे. हेच वाच."

वाचन शाळेच्या लायब्ररीत होतं, दुपारी. बाबांना मीटिंग होती. आई सुट्टी काढून येणार होती, ती आली, आणि तिच्याबरोबर ड्यूटी बदलून, पांढऱ्या युनिफॉर्मवर लाल कोट घालून, गळ्यात कॅमेरा अडकवून नेनामावशी आली. तिने मला दुरून हात हलवला. दप्तरात बाबांचा कागद होता. मी तो काढू शकले असते. पण माझं नाव पुकारलं गेलं आणि माझे पाय वही घेऊनच पुढे गेले. मी एकदाही मान वर न करता वाचलं. मध्येच कॅमेऱ्याचा एक फ्लॅश उडाला, त्यानंतर उडाला नाही.

वाचून झालं तेव्हा पुढच्या रांगेतला एक मुलगा, ज्याने माझ्याशी वर्षभरात एक शब्द काढला नव्हता, उत्साहाने म्हणाला, "म्हणजे तो आपल्या बाजूचा होता!" मिसेस हार्मन म्हणाल्या, "एका अर्थाने, हो." आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मंडळात वाजल्या होत्या त्याहून जोरात. मी तिथे उभी राहून विचार करत होते की 'आपली' म्हणजे कुठली. मंडळात मी आपली म्हटलं तेव्हा ती खिंडीतल्यांची होती. इथे ती खालून चढणाऱ्यांची होती. लोलोंच्या बापाची तर यातली एकही नव्हती. मी मान वर केली तेव्हा आईशेजारची खुर्ची रिकामी होती.

घरी येऊन दार लागल्यावर आईने दप्तर माझ्या हातातून ओढून घेतलं. "तुला काही अक्कल? त्या बाईने काम टाकून यावं आणि तू चारचौघांत तिला हे ऐकवावंस?"

"लोलो म्हणाले लिही."

"म्हणू देत! आधी तिला सांगायचं होतंस. मला सांगायचं होतंस."

बाबा संध्याकाळी आले, त्यांनी सगळं ऐकलं आणि ते बराच वेळ बूटही न काढता सोफ्यावर बसून राहिले. मला वाटलं तेही रागावणार. ते म्हणाले, "पहिल्या रांगेत बसवलं मी त्यांना. आणि फितूर म्हणायला लावलं तुला." मग तसेच उठून शेजारी गेले. दहा मिनिटांत परत आले. लोलोंनी त्यांना माफी मागूच दिली नव्हती, चहा विचारला होता. नेनामावशी बाहेर आली नव्हती.

त्यानंतर जवळजवळ महिनाभर माझ्या गळ्यात घराची किल्ली होती. तीन ते साडेपाच मी एकटी बसायचे. भिंतीपलीकडून सपातांची फरफर ऐकू यायची नाही, बोलणं ऐकू यायचं नाही. एकदा फक्त नेनामावशीचा आवाज चढलेला ऐकला, तिच्या भाषेत. कुंपणावरून कारली यायची थांबली. आई एकदा वाटीत श्रीखंड घेऊन कुंपणापर्यंत गेली आणि तशीच परत आली. ती वाटी तिने फ्रिजमध्ये ठेवली, आणि ते श्रीखंड कुणीच खाल्लं नाही.

एका शनिवारी दुपारी नेनामावशी आमच्या मागच्या दाराने आली. आई भाजणी भाजत होती, घरभर तो खमंग वास. नेनामावशी खुर्चीवर बसली, माझ्याकडे बघून म्हणाली, "लोलो मला सांगत नाहीत. म्हणतात, आता ते लिहून झालं, पुन्हा काय सांगायचं. तू सांग. आजोबांनी का दाखवली वाट?"

आईने गॅस बंद केला. माझ्यासमोर नेनामावशीचा चेहरा होता, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. मला म्हैस आठवली, तो वाकडा चालणारा भाऊ आठवला, लग्नातला प्यायलेला बाप आठवला. मी म्हटलं, "त्यांचे हात बांधले होते. दोरीने. बंदूक लावली होती."

"खरंच? असं म्हणाले लोलो?"

"हो," मी म्हटलं. आणि ते खोटं नव्हतं. ते असं म्हणालेच होते.

नेनामावशीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती रडली, आवाज न करता, खांदे हलत राहिले. "मग सांगायचं नाही का," ती म्हणत होती, "एवढंच सांगायचं होतं." आई भाजणीचे हात पदराला पुसून पुढे झाली आणि या वेळी मिठी तिने मारली. तिच्या खांद्यावरून आईने माझ्याकडे पाहिलं. आपली मुलगी काहीतरी गाळते आहे हे तिला कळलं होतं, पण तिने तेव्हाही विचारलं नाही आणि पुढे कधीच विचारलं नाही.

सोमवारी किल्ली माझ्या गळ्यात नव्हती. लोलो स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसले होते. मी समोर बसले आणि सोलू लागले.

"तिला काय सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"दोरीचं."

"फक्त दोरीचं?"

मी मान हलवली. ते पुढची शेंग उचलायचे थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता की सुटका होती, मला तेव्हा वाचता आलं नाही. आज मीही त्यांच्या वयाकडे झुकले आहे, तरी नक्की सांगता येत नाही.

"चुकलं का माझं, लोलो?"

"मला कसं कळणार?" ते म्हणाले. "मी बापाला थोडेच होते म्हटलं, तो शांत झाला, आणि सकाळी गेला. चूक केली की बरं केलं, तेव्हापासून शोधतोय."

बाहेर नेनामावशीची गाडी आली. दार उघडून ती आत आली, बूट काढले आणि बापाच्या मागे उभी राहून तिने त्यांची दोन्ही मनगटं हातात धरली. अगदी हलक्या हाताने ती त्यांवरून अंगठे फिरवत राहिली, जणू वळ त्यांच्याच हातांवर उठले होते. लोलोंनी हात सोडवून घेतले नाहीत. त्यांनी माझ्याकडेही पाहिलं नाही.